पहिला कंट्रोलर, दुसरा कंट्रोलर: एका प्रकरणाचा अभ्यास

प्रकरण दोन सख्ख्या भावंडांचं आहे. भाऊ चाळिशी ओलांडलेला, बहीण त्याच्याहून चार वर्षांनी लहान. नावांची गरज नाही, थोरला आणि धाकटी म्हणू. लहानपणी दोघं एकाच टीव्हीसमोर, एकाच कन्सोलवर सुट्ट्याच्या सुट्ट्या खेळले. आता दोघं वेगवेगळ्या गावी असतात, पण गेमचा नाद दोघांचाही सुटलेला नाही. मध्यंतरी त्यांनी ठरवलं की आठवड्यातली एक रात्र ऑनलाइन एकत्र खेळायचं. ठरलं खरं, पण पुढे एकही गेम टिकेना.

थोरल्याची तक्रार अशी की हिला खेळायचंच नसतं, नुसतं रेंगाळायचं असतं. धाकटीची तक्रार अशी की दादाला खेळायचं नसतं, उरकायचं असतं.

‘बाल्डर्स गेट ३’ त्यांनी मोठ्या उत्साहाने घेतला. त्यात जो खेळाडू एखाद्या पात्राशी बोलायला जातो, संवाद त्याच्या हाती जातो. दुसरा ऐकू शकतो, एखादा पर्याय सुचवू शकतो, निवडू मात्र शकत नाही. थोरला दिसेल त्या पात्रापुढे आधी जाऊन उभा राहायचा, वरचा पर्याय दाबायचा आणि पुढे निघायचा. धाकटी वाक्य वाचून पूर्ण करेपर्यंत समोर तलवारी निघालेल्या असायच्या. मग ‘स्टारड्यू व्हॅली’ झाला. शेतीचा, निवांत गेम, यात भांडायला काय आहे असं त्यांना वाटलं. पण अनेक जण मिळून खेळतात तेव्हा सगळ्यांनी झोपायला गेल्याशिवाय तिथला दिवस लवकर संपवता येत नाही. थोरला पिकाला पाणी घालून, गुरांचं उरकून अंथरुणात शिरून बसायचा आणि धाकटी अजून समुद्रावर गळ टाकून उभी असायची. ‘कपहेड’ हा झटपट मरायला लावणारा गेम तिने एका बैठकीत सोडला. शेवटी ‘आपण ज्यावर वाढलो तेच खेळू’ म्हणून लहानपणचा ‘कॉन्ट्रा’ लावला, आणि तिसऱ्या लेव्हलमध्ये धाकटीने हेडफोन काढून ठेवले.

माझं काम गेमच्या चाचणीचं आहे. तयार होत असलेला गेम लोकांच्या हाती द्यायचा, मागे बसून ते कुठे अडतात, कुठे कंटाळतात ते पाहायचं आणि लिहून काढायचं. हे दोघं ओळखीतले. त्यांनी एवढंच विचारलं होतं की आम्हाला दोघांना जमेल असा एखादा गेम सांग. नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण एकाच घरात, एकाच यंत्रावर, त्याच त्या गेमवर वाढलेल्या दोघांच्या आवडी इतक्या फाकाव्यात याचं मला कुतूहल वाटलं. लहानपणचे गेम मोठेपणीची आवड घडवतात हे आपण सहज बोलून जातो. मग इथे दोन वेगळ्या आवडी कुठून आल्या?

यंत्र

त्यांचा कन्सोल निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होता. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये बाजारात आला. त्यात २ किलोबाइट रॅम होती आणि जेमतेम पावणेदोन मेगाहर्ट्झने चालणारा प्रोसेसर होता. त्याच्या स्वस्त नकला नव्वदच्या दशकात जगाच्या फार मोठ्या भागात पोहोचल्या. रशियात १९९२ पासून ‘डेंडी’ नावाने विकली गेलेली नक्कल इतकी पसरली की तिथल्या एका पिढीला मूळ यंत्र पाहायलाच मिळालं नाही. या नकलांबरोबर एकात शेकडो गेम असल्याचा दावा करणारी कॅसेट यायची. प्रत्यक्षात मूठभर गेम निराळ्या नावांनी, निराळ्या लेव्हलपासून सुरू करून पुन्हा पुन्हा भरलेले असायचे.

या यंत्राबद्दल बोलताना लोक गेमची नावं घेतात. मला महत्त्वाचे वाटले ते त्याभोवतीचे नियम, जे कुणी मुद्दाम केलेले नव्हते.

एक म्हणजे सेव्ह नाही. बॅटरी असलेल्या आणि प्रगती राखून ठेवणाऱ्या कॅसेट त्या काळी होत्या, ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची होती, पण या शेकडो-गेमवाल्या कॅसेटमध्ये असलं काही नव्हतं. टीव्ही हवा म्हणून कुणी यंत्र बंद केलं की खेळ पहिल्यापासून. दुसरं, मजकूर नाही. माहितीपुस्तिका कॅसेटबरोबर आलीच नव्हती, आणि पडद्यावर जे काही शब्द यायचे ते न वाचता पुढे गेलं तरी काही अडत नव्हतं. गेमही लहान असायचे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सगळा मिळून ४० किलोबाइटचा आहे आणि जगातले निष्णात खेळाडू तो पाच मिनिटांच्या आत संपवतात. एवढाच ऐवज महिनोन्‌महिने पुरवायचा तर तो अवघड करण्यावाचून गत्यंतर नव्हतं, शिवाय आर्केडमधली, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांची, नाणी खाण्याची सवय त्या रचनेत मुरलेली होतीच. म्हणून मरा आणि पहिल्यापासून सुरू करा.

हे नियम दोघांनाही लागू होते. पण एक गोष्ट दोघांना सारखी नव्हती. मूळ फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरवर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती, त्यांच्या जागी मायक्रोफोन होता. या भावंडांच्या नकलेत मायक्रोफोनही नव्हता आणि बटणंही नव्हती. गेम सुरू करणं, थांबवणं, कोणता गेम लावायचा ते ठरवणं, सगळं पहिल्या कंट्रोलरवर. आणि पहिला कंट्रोलर अर्थातच थोरल्याकडे. धाकटीला पाणी प्यायला उठायचं असलं तरी ‘दादा, थांबव ना’ म्हणावं लागायचं.

धबधबा

‘कॉन्ट्रा’ची तिसरी लेव्हल धबधब्याची आहे. पहिल्या लेव्हलमध्ये पडदा डावीकडून उजवीकडे सरकतो, इथे खालून वर. कड्यावरून कड्यावर उड्या मारत चढायचं. दोघं खेळत असले तरी पडदा एकच, आणि जो पुढे चढेल त्याच्या मागे पडदा वर जातो. खालची कड खालच्या खेळाडूला गिळते. म्हणजे मागे राहिलेल्याला शत्रूने मारावं लागत नाही, आपल्याच साथीदाराच्या उडीने तो मरतो.

मी दोघांना ही लेव्हल माझ्यासमोर, आपापल्या पडद्याचं चित्र मला दाखवत, पुन्हा खेळायला लावली. थोरल्याचे हात पाहण्यासारखे होते. तीस वर्षं गेली तरी कुठल्या कड्यावरून दगड घरंगळत येतो हे त्याच्या अंगठ्यांना ठाऊक होतं. तो पडद्याच्या वरच्या एक तृतीयांश भागात खेळत होता, कारण वरून येणारी गोळी त्याला आधीच माहीत होती. धाकटी खालच्या एक तृतीयांश भागात. दोन कडे झाले आणि ती खाली गेली. परत आली, पुन्हा गेली. तिने एकही चुकीची उडी मारलेली नव्हती.

त्या गेममध्ये आणखी एक तरतूद आहे. दोघं खेळताना एकाच्या लाइफ संपल्या तर तो दुसऱ्याच्या शिल्लक लाइफमधून एक घेऊ शकतो. मी विचारलं, लहानपणी घ्यायचीस का? ‘घ्यायचे की. मग दादा म्हणायचा, तू नुसत्या वाया घालवतेस. मग मी बघत बसायचे.’ त्यावर थोरला म्हणाला, ‘पण तीस लाइफचा कोड मीच टाकायचो ना तुझ्यासाठी!’ हे खरं आहे. वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, मग बी, ए आणि स्टार्ट. गेम बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी ‘ग्रेडियस’ची घरगुती आवृत्ती तपासताना स्वतःच्या सोयीसाठी घातलेला, १९८६ पासून चालत आलेला कोड. तोही पहिल्याच कंट्रोलरवरून टाकायचा.

‘बघत बसायचे’ हे ती सहज बोलून गेली, पण पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली मला तिथे सापडली. धाकटीच्या बालपणीच्या गेमिंगचा बराचसा भाग बघण्यात गेला आहे. बघताना तिने पडद्यावरच्या दोन सैनिकांना नावं दिली होती. एकाला पोहता येतं पण भीती वाटते, दुसरा घरी पत्र लिहितो, असं काय काय रचलं होतं. थोरल्याला हे आजवर माहीत नव्हतं. त्याने हसून विचारलं, ‘माझा कुठला होता?’

खात्यांतून दिसलं ते

खेळाडू तोंडाने जे सांगतो ते मी ऐकून घेतो, पण पुरावा म्हणून धरत नाही. याला कारण आहे. काही लोक कॅमेऱ्याचा उभा अक्ष उलटा ठेवतात, म्हणजे स्टिक वर ढकलली की नजर खाली जाते. असं का, विचारलं तर बरेच जण ठामपणे लहानपणच्या गेमकडे बोट दाखवतात, पहिल्यांदा विमानाचा सिम्युलेटर खेळलो म्हणून वगैरे. जेनिफर कॉर्बेट आणि याप मुनेके या संशोधकांनी हे तपासलं आणि २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लोकांनी दिलेल्या कारणांचा त्यांच्या प्रत्यक्ष सेटिंगशी मेळ बसला नाही. मेळ बसला तो मनातल्या मनात वस्तू फिरवून पाहण्याच्या वेगासारख्या गोष्टींशी. आपल्या आवडीची कुळकथा आपण मागाहून लिहितो, आणि तीत लहानपणीचा गेम हे फार सोयीचं पात्र असतं.

म्हणून मी दोघांची गेम-खाती मागितली. तिथे कुठल्या गेमला किती तास दिले आणि कुठली अचिव्हमेंट कोणत्या तारखेला मिळाली हे नोंदलेलं असतं. विकत घेतलेल्या गेमची यादी माणसाला काय आवडावंसं वाटतं ते सांगते, खरी आवड या तारखांत दिसते.

थोरल्याच्या यादीत ‘द विचर ३’, ‘रेड डेड रिडेम्प्शन २’, असे सगळे नावाजलेले, लांबलचक गेम होते, आणि सगळे पहिल्या काही तासांत थांबलेले. ‘आता वेळ कुठे असतो?’ हे त्याचं उत्तर. पण त्याच यादीत ‘स्पेलंकी’, ‘डेड सेल्स’ आणि ‘कपहेड’ यांच्यावर शेकडो तास होते. वेळ होता तर. तिन्ही गेमना एक सूत्र आहे: मेलात की पहिल्यापासून, आणि मरण ते पुढचा प्रयत्न यात काही सेकंद. ‘द विचर ३’ उघडायला लावून मी पाहत बसलो. सुरुवातीचा प्रसंग त्याने बटण दाबून वगळला, पहिलं संभाषण वगळलं, दुसरंही. मग नकाशावर उभा राहून म्हणाला, ‘आता मी इथे काय करायचंय?’ कुणाला शोधायला निघालोय हे त्याला माहीत नव्हतं. ते सांगून झालं होतं, त्याने ऐकलं नव्हतं.

धाकटीच्या खात्यात ‘डिस्को एलिझियम’ पूर्ण, ‘बाल्डर्स गेट ३’ एकटीने पूर्ण, ‘स्टारड्यू व्हॅली’ अखंड चालू.

यापुढे सरळ म्हणता आलं असतं की त्याला ॲक्शन आवडतं, तिला कथा. बहुतेक लोक इथेच थांबतात. पण दोघांच्याही खात्यात एक गेम भरभरून खेळलेला होता, तो म्हणजे २०२० सालचा ‘हेडीस’.

‘हेडीस’मध्ये नायक पाताळातून निसटायचा प्रयत्न करतो, मरतो, आणि रक्ताच्या कुंडातून बापाच्या वाड्यात परत येतो. वाड्यात माणसं उभी असतात. ज्याच्याकडे नवीन काही सांगायला आहे त्याच्या डोक्यावर खूण दिसते. तुम्ही कशाने मेलात त्यावर दाराशी पेंगणारा हिप्नोस शेरा मारतो. थोरला कुंडातून निघतो तो वाडा ओलांडून थेट शस्त्रांच्या अंगणात. डोक्यावरच्या खुणा त्याच्या नजरेच्या कडेलाही येत नाहीत. त्याने दहा वेळा यशस्वी सुटका करून शेवटची श्रेयनामावली पाहिली आहे, आणि नायक नक्की कुणाला भेटायला बाहेर पडतो असं विचारलं तर म्हणाला, ‘बाग आहे, एक बाई आहे.’ ती नायकाची आई आहे आणि सगळी गोष्ट तिच्यासाठी चालली आहे. धाकटीला मरणाची घाई असते. नवीन राक्षसाच्या हातून मेलं तर हिप्नोस काय म्हणेल हे तिला ऐकायचं असतं. एकदा बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू, मरायला आलेला असताना तिने ढाल खाली ठेवली, कारण या वेळी हरल्यावरचं संभाषण तिच्याकडून राहिलं होतं.

दोघांचे तास जवळपास सारखे. गेम तोच, प्रकार तोच, आणि खेळले मात्र दोन वेगळे गेम. आवड गेमच्या प्रकारात शोधणं इथे कामाचं नाही हे मला ‘हेडीस’ने पटवलं. थोरला अजूनही पहिल्या कंट्रोलरवर बसलेला आहे: पुन्हा प्रयत्न, ताबडतोब, मध्ये कुणी बोलू नये. धाकटी अजूनही लाइफ संपल्यानंतरच्या जागेवरून खेळते, जिथे खरं बघणं सुरू होतं.

इथे थोडं थांबून शंका घ्यायला हवी

नॉस्टॅल्जिया हे सगळ्यात स्वस्त स्पष्टीकरण. त्याला इथे फारसा आधार नाही. मूळ ‘कॉन्ट्रा’ थोरल्याने एकट्याने पुन्हा लावला तेव्हा दहाएक मिनिटांत बंद केला. ‘छान होता,’ एवढंच म्हणाला. जुने गेम खेळणारे सगळे आठवणींपोटीच खेळतात असंही नाही. निन्टेन्डोच्या १९८९ सालच्या ‘टेट्रिस’ला गेमच गोठून बंद पडेपर्यंत खेळून दाखवणारा पहिला माणूस २०२३ च्या डिसेंबरात निघाला आणि तो १३ वर्षांचा होता. त्या यंत्राची त्याला कसली आठवण असणार?

दुसरी शंका अशी की बालपणापेक्षा विशी महत्त्वाची नसेल कशावरून? संगीताबाबत मॉरिस हॉलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी १९८९ मध्ये दाखवलं होतं की माणसं साधारण साडेतेविसाव्या वर्षाच्या आसपास ऐकलेल्या गाण्यांना आयुष्यभर झुकतं माप देतात. हे गेमला लागू असतं तर थोरल्याने आज गोळीबाराच्या स्पर्धेचा ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळायला हवे होते, कारण त्याची विशी त्यातच गेली. दोन्ही सुटले. ‘काउंटर-स्ट्राइक’ सुटण्याचं कारण वय असू शकतं. ‘स्टारक्राफ्ट २’ या वेगवान डावपेचांच्या गेमच्या १६ ते ४४ वयोगटातल्या ३,३०५ खेळाडूंवरचा २०१४ सालचा अभ्यास सांगतो की पाहणं आणि करणं यांतला वेळ चोविशीपासूनच वाढू लागतो. गेम खेळणाऱ्यांच्या आवडींचा अभ्यास करणाऱ्या, निक यी यांच्या क्वांटिक फाउंड्रीने गोळा केलेल्या उत्तरांतही वयाबरोबर सगळ्यात जास्त घसरते ती स्पर्धेची ओढ. मग डावपेचांचा ‘एज ऑफ एम्पायर्स’ का सुटला? त्या उत्तरांत डावपेचांची आवड वयाला सगळ्यात कमी बधते असं दिसतं. थोरल्याचं म्हणणं, हरायला लागलो की हरून मोकळं होईपर्यंत अर्धा तास जातो. हे मला पटलं, कारण ते त्याच्या खात्याशी जुळतं. त्याला हरण्याचं वावडं नाही, हरल्यावर ताटकळत बसण्याचं आहे.

तिसरी शंका सगळ्यात जड आहे. थोरला मुळातच उतावळा असेल आणि धाकटी मुळातच रमणारी, तर कंट्रोलरला उगाच श्रेय कशाला? इथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे: पहिला कंट्रोलर स्वभाव बघून वाटला गेला नव्हता, वयाने वाटला गेला होता. पण थोरलं असणं, मुलगा असणं आणि पहिला कंट्रोलर मिळणं या तिन्ही गोष्टी या घरात एकत्र आल्या आहेत आणि एका प्रकरणावरून त्या सुट्या करता येत नाहीत. मुलींच्या वाट्याला दुसरा कंट्रोलर येणं हा काही या एकाच घरातला योगायोग नव्हता. दोन बहिणींची, किंवा धाकट्याच्या हाती पहिला कंट्रोलर गेलेली अशी घरं पाहिली तर काही सांगता येईल.

बालपणीचा ठसा खरोखरच उमटतो याचा एक पुरावा मात्र मला फार आवडतो. स्टॅनफर्डमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेसी गोमेझ, मायकेल बार्नेट आणि कलानित ग्रिल-स्पेक्टर यांनी लहानपणी भरपूर ‘पोकेमॉन’ खेळलेल्या ११ प्रौढांच्या मेंदूची तुलना न खेळलेल्या ११ जणांशी केली. खेळलेल्यांच्या दृष्टिकेंद्रात पोकेमॉनच्या चित्रांना खास प्रतिसाद देणारा भाग ठरावीक जागी सापडला. जागा ठरावीक का, तर सगळ्यांनी ती चित्रं गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्राच्या इवल्याशा पडद्यावर, साधारण तेवढ्याच अंतरावर धरून, नजरेच्या मध्यभागी पाहिली होती. म्हणजे ठसा उमटण्यात चित्राइतकाच वाटा ते कसं धरून पाहिलं याचाही होता. अर्थात हा ओळखण्याचा ठसा आहे, आवडण्याचा नव्हे, आणि त्यावरून थोरल्या-धाकटीबद्दल काही सिद्ध होत नाही. पण काय खेळलं यापेक्षा कुठे बसून खेळलं हे विचारायची दिशा मला त्यातून मिळाली, हे नाकारत नाही.

मग सुचवलं काय

आधी थोरल्यावर एक चाचणी करून पाहिली. त्याला मजकुराचा तिटकारा आहे असं त्याच्यासकट सगळ्यांचं मत होतं. मी त्याला ‘आउटर वाइल्ड्स’ दिला. २०१९ सालचा हा गेम मजकुराने भरलेला आहे, परग्रहावरच्या लुप्त झालेल्या लोकांचे भिंतीवरचे संवाद वाचत फिरायचं. पण रचना अशी की २२ मिनिटांत सूर्याचा स्फोट होतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. शस्त्र वाढत नाही, पैसा साठत नाही. यानातल्या नोंदी सोडल्या तर पुढे जातं ते फक्त डोक्यातलं ज्ञान. थोरल्याने तो पूर्ण केला, आणि भिंतीवरचं अक्षर न्‌ अक्षर वाचलं. एकदा रात्री फोन करून कुठल्याशा ग्रहावरच्या वाळूबद्दल बोलत राहिला. मजकुराशी त्याचं वैर नव्हतंच. वाचलेलं पुढच्या फेरीत उपयोगी पडणार असेल तर तो वाचतो, लहानपणी दगड कुठून येतो ते पाठ केलं तसं. सेव्ह फाइलमध्ये जमा होणाऱ्या प्रगतीवर त्याचा विश्वास बसत नाही, डोक्यात जमा होणाऱ्या प्रगतीवर बसतो.

धाकटीच्या बाबतीत दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. तिला एकच गोष्ट सहन होत नाही: दुसऱ्याच्या वेगाने सरकणारा पडदा. ‘कपहेड’, ‘कॉन्ट्रा’ हे त्याचे उघड नमुने. दादा संवाद पळवतो तो ‘बाल्डर्स गेट ३’ हाही तिच्यासाठी धबधबाच. ‘इट टेक्स टू’ तिला मैत्रिणीबरोबर खेळताना आवडला होता, आणि त्यात पडदा बहुतेक वेळ दोघांत विभागलेला असतो.

तेव्हा गरज होती ती अशा गेमची, ज्यात थोरल्याला झटपट हरून पुन्हा सुरू करता येईल आणि वेग मात्र धाकटीच्या हातात राहील. मी ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ सुचवला. २०१५ चा गेम. एकाच्या पडद्यावर टाइमबॉम्ब असतो: तारा, बटणं, विचित्र चिन्हांची कळफलकं. दुसऱ्याला तो दिसत नाही, त्याच्याकडे फक्त निकामी कसा करायचा याची पुस्तिका, आणि ती मुद्दाम किचकट लिहिलेली. बोलण्याखेरीज दोघांत दुवा नाही. चुका वाढल्या किंवा वेळ संपला की स्फोट, आणि लगेच नवा प्रयत्न.

बॉम्ब थोरल्याकडे, पुस्तिका धाकटीकडे. पहिल्या रात्री मी ऐकत होतो. थोरला ‘चार तारा, लाल, निळी, लाल, पिवळी, कापू का, कापू का’ असा सुटलेला. धाकटी म्हणाली, ‘थांब.’ आणि तो थांबला, कारण त्याला दुसरा इलाजच नव्हता. मग तिने शांतपणे विचारलं, ‘सिरियल नंबरचा शेवटचा अंक सम की विषम?’ बॉम्ब फुटला. दुसरा लावला. चिन्हांच्या कळफलकाशी पोहोचले तेव्हा धाकटीचं बघणं कामी आलं. जी चिन्हं थोरल्याला ‘ते वाकडं, ते दुसरं वाकडं’ अशी दिसत होती त्यांना तिने एका बैठकीत नावं पाडून दिली. ती नावं थोरला अजून वापरतो. महिन्याभरात ते अवघड बॉम्बपर्यंत पोहोचले, आणि या काळात दोघांपैकी कुणीही हेडफोन काढले नाहीत.

एकदा त्यांनी भूमिका बदलून पाहिल्या. थोरल्याच्या हाती पुस्तिका गेली आणि त्याने पहिली ओळ वाचून दुसरी गाळली. बदल दहा मिनिटांत मागे घेतला गेला.

तो गेम संपत आल्यावर पुढे काय, हा प्रश्न आलाच. सध्या ‘पोर्टल २’चा दोघांचा भाग चालू आहे. प्रत्येकाचा पडदा वेगळा आणि दोघांनी एकदम बटण दाबावं म्हणून तीन-दोन-एक असं मोजून दाखवायची सोय गेममध्येच आहे, म्हणून मी तो निवडला. तरी थोरल्याला कोड्याचं उत्तर आधी दिसतं आणि तो बोलून टाकतो. धाकटीने त्यावर नियम केला आहे: तिने विचारल्याशिवाय उत्तर सांगायचं नाही, आणि मोजणी सुरू करायची ती तिने. थोरल्याने मान्य केलं. पाळतो बहुतेक वेळा. मधल्या वाट पाहण्याच्या वेळात तो दुसऱ्या खिडकीत ‘स्पेलंकी’ची एखादी फेरी मारून घेतो, हे तिला माहीत आहे आणि तिची त्याला हरकत नाही.